मास्तरांचं ‘हाय का?’

सकाळी दहाला, मग अकराला, मग साडेअकराला, आणि त्यानंतर मनाला येईल तेव्हा मास्तर खुर्चीतून न उठता विचारायचे, “हाय का?” मी समोर तीन फुटांवर बसलेली असायची. त्यांना मी धडधडीत दिसत असायची. तरीही “हाय” असं तोंडानं म्हणावं लागे. उत्तर नाही आलं तर ते चष्मा काढून दुसऱ्यांदा विचारत. तिसऱ्यांदाही आलं नाही, तर हजेरीवहीत माझ्या नावापुढे फुली पडे. एकदा तोंडात पोह्यांचा घास होता म्हणून मी नुसती मान हलवली. फुली पडलीच. “मान हललेली तारेतून दिसत न्हाई, ताई,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

पूर्ण्याच्या स्टेशन रोडला, बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे मास्तर, मी, दोन कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर. इन्व्हर्टर खालच्या दुकानदारानं दिलेला, त्यामुळे तो त्याच्या मर्जीनं चाले. मास्तर हे खरेखुरे स्टेशन मास्तर. दिवसाला चार पॅसेंजर थांबतात अशा लहान लहान स्टेशनांवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, हे संगणकाची पायथन भाषा शिकले. पुस्तकाच्या झेरॉक्स काढून, त्यांना खाकी कव्हर घालून, वर ‘कार्यपद्धती, भाग एक’ असं लिहून त्यांनी ती भाषा रेल्वेच्या नियमावलीसारखी पाठ केली. मास्तरीणबाई मला म्हणाल्या होत्या, “पहिले मला वाटलं डोक्याला उष्णता झालीय. मग कळलं, ह्यांचं पहिल्यापासूनच असं हाय.”

त्यांना कोणाचंही नाव नुसतं घेता येत नसे. चहावाला बबनराव, खालचा बॅटरीवाला सलीमराव, झाडायला येणारी बाई शांताताई. मी बावीस वर्षांची, ते साठीच्या पुढचे, तरी मला “ताई” आणि “तुमी”. संगणकात कुणाचं नाव भरायचं असलं की रकान्यात राव किंवा ताई लागलंच पाहिजे, नाहीतर त्यांचा प्रोग्राम ते नाव घेतच नसे. तशी तपासणी त्यांनी स्वतः लिहून ठेवली होती. मी म्हणाले, “मास्तर, ह्याची काय गरज?” म्हणाले, “रेल्वेत कंट्रोलच्या फोनवर समोरचं तोंड दिसत न्हाई. साहेब हाय का गँगमन, कळत न्हाई. म्हणून सगळ्यालाच राव.” मला ते तेव्हा अगदी खुळचट वाटलं होतं.

फोनचा त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे “ठेवतो” म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. समोरच्यानं न सांगता ठेवला, तर हे परत फोन लावत आणि म्हणत, “तुमी ठेवतो म्हणला न्हाई.” नात्यातल्या निम्म्या लोकांनी ह्यापायी त्यांचे फोन घेणं सोडलं होतं. एकदा कुठल्याशा कंपनीच्या रेकॉर्ड केलेल्या बाईशी त्यांची जुंपली. ती बोलून बंद पडली, ह्यांनी परत लावला, ती परत तेच बोलून बंद पडली. चौथ्यांदा मी फोन हातातून काढून घेतला. “जाताना सांगून जावं माणसानं,” ते धुसफुसत म्हणाले. “न सांगता गेला तर त्याची जागा किती येळ धरून ठेवायची?”

मला त्यांनी नोकरीवर घेतलं तीही गंमतच. मी चुडाव्याजवळच्या खेड्यातली. परभणीला कॉम्प्युटरची डिग्री केली, पुण्यात दोनदा मुलाखती देऊन हात हलवत परत आले. बाबा म्हणाले होते, “एक वरीस बघ. न्हाई जमलं तर बी.एड.ला नंबर लाव.” मास्तरांनी माझी मार्कलिस्ट पाहिलीच नाही. विचारलं, “फलाटावर गाडी उभी हाय. फोन वाजायलाय. खिडकीत तिकिटाला माणूस हाय. तुमी एकट्या. काय करता?”

मी म्हणाले, “फोन घेते.”

“फोनवाला म्हणाला, थांबा, बघून सांगतो. मग?”

“मग फोन कानाला तसाच ठेवते आणि तिकीट देते. फोनवर आवाज आला की तिकीट अर्धं सोडून फोनवर बोलते.”

मास्तरांनी खिशातली चॉकलेटची गोळी काढून माझ्यासमोर ठेवली. “वाट बघायची,” ते म्हणाले, “पण अडून न्हाई. उद्यापासून या.” असिंक्रोनस फ्रेमवर्क म्हणजे काय, ते मी कॉलेजात तीन महिने शिकले होते आणि मला ते त्या गोळीपाशी समजलं. एकच माणूस, शंभर कामं. ज्या कामात वाट बघायची आहे ते बाजूला ठेवून दुसरं हातात घ्यायचं, आणि घंटी वाजली की परत पहिल्याकडे जायचं. लहान स्टेशनावरचा मास्तर दुसरं काय करतो?

वेबसॉकेटही त्यांनी तसंच शिकवलं. “साधं वेब म्हणजे पोस्टकार्ड,” ते म्हणाले. “इचारलं, उत्तर आलं, खेळ संपला. परत इचारायचं तर परत कार्ड. आणि ही म्हणजे कंट्रोलची लाइन. एकदा जोडली की दिवसभर उघडी. तुमी बोला, मी बोलतो. बोलायचं काय नसलं तर गप बसू, पण लाइन चालू.” आणि म्हणाले, “फक्त गप बसलेला माणूस गप हाय का गेलाय, ते इचारत जावं लागतं.” मला पुढचं वाक्य माहीत होतं. मी आधीच “हाय” म्हणाले.

आमच्या गावाच्या पाणी वापर संस्थेचं काम मिळालं ते मास्तरांच्या ह्याच नादामुळे. कालव्याची एक चारी आमच्या शिवारातून जाते. वरून पाणी सुटलं की एकेका शेताला त्याची पाळी मिळते, हेडपासून टेलपर्यंत, म्हणजे वरच्या तोंडापासून खालच्या शेवटापर्यंत. बेचाळीस शेतं. हेडवाल्यांना पाणी दिसतं तरी. टेलवाल्यांना ते कधी पोचेल ह्याचा नेम नाही. आलं आणि आपण दारं धरायला हजर नसलो, तर पाणी सरळ ओढ्याला. म्हणून टेलची माणसं दोन-दोन दिवस चारीच्या काठाशी घोंगडी टाकून बसतात. टेलला आमची बौद्धवाड्याची शेतं, आणि अगदी शेवटचं, बेचाळिसावं, माझ्या बाबांचं. दीड एकर. आमच्या बरोबर वर, एक्केचाळिसावं, आबांचं. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि संस्थेचे अध्यक्ष. त्यांची बाकी जमीन हेडला आहे, हा तुकडा तेवढा खाली आलेला. जन्मभर शेताला शेत लागून, पण आपलं भिजलं की “आता तुमचं” असं खाली सांगायची पद्धत नव्हती. बाबांना ते “सुदाम्या” म्हणत. बाबा त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे.

काम असं होतं: चारीत ठिकठिकाणी पाण्याची उंची सांगणारे डबे बसवायचे, आणि पाणी जवळ आलं की त्या त्या शेतकऱ्याच्या फोनवर लगेच खबर द्यायची. प्रत्येक फोनची आमच्या सर्व्हरशी एक उघडी लाइन. डबे मास्तरांनी स्वतः, धोतराचा काष्टा मारून, चारीत उतरून बसवले. प्रोग्राम मी लिहिला. ‘लाइनी सांभाळणं हे तुमच्याकडे,’ असं त्यांनी चार्ज देण्या-घेण्याच्या वहीत लिहून त्याखाली माझी सही घेतली.

त्यात एक हट्ट त्यांचा होता. रेल्वेत पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, दिली की सोबत एक गुप्त आकडा सांगतात. तो वहीत उतरल्याशिवाय गाडी सोडायची नाही. “फोननंबी खबर मिळाली की नंबर परत दिला पायजे,” ते म्हणाले. “नंबर आल्याबिगर पुढं जायचं न्हाई.” मी अक्षरशः तसं लिहिलं. पहिल्या फोनला खबर, त्याच्या नंबराची वाट, मग दुसऱ्याला. हेडपासून टेलपर्यंत, ओळीनं.

आणि एक हट्ट माझा होता. फोन जिवंत आहे का, हे सर्व्हरनं दर थोड्या वेळानं विचारायची सोय फ्रेमवर्कमध्ये असते. मी ती बंद ठेवली. दिवसातून पंधरा वेळा “हाय का?” ऐकून माझं डोकं पिकलं होतं, सर्व्हरमध्ये तरी ती कटकट नको, असं मला वाटलं. लाइन उघडी दिसतेय, म्हणजे माणूस आहेच. हे मी मास्तरांना सांगितलं नाही.

पहिली पाळी सुटली. सकाळपासून फोनांना खबरा जात होत्या, नंबर येत होते, मी स्क्रीनवर मोजत होते. अठरा झाले. मग नुसतं ‘पाठवत आहे’.

“नंबर आला का?” मास्तर विचारायचे.

“यायलाय,” मी म्हणायची.

एकोणिसावा फोन मोटारसायकलच्या डिकीत होता आणि मोटारसायकल लग्नाला सोनपेठला गेली होती. वाटेत कुठेतरी रेंज गेली, आणि “ठेवतो” न म्हणता तो फोन गेला. सर्व्हरच्या लेखी तो हजर होता. माझा प्रोग्राम त्याच्या नंबराची वाट बघत अडून उभा राहिला, आणि त्याच्या मागे तेवीस शेतं.

दुपारी चारला बाबांचा फोन आला. ह्या पाळीला ते चारीवर बसले नव्हते. लेकीची खबर फोनवर येणार म्हणून आयुष्यात पहिल्यांदा घरी जेवायला गेले होते. म्हणाले, “पाणी येऊन गेलं, बाई. ओढा भरून वाहतोय.” आवाज चढवला नाही, काही नाही. मला त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिलेल्या चालल्या असत्या.

मी मास्तरांना सगळं सांगितलं, बंद ठेवलेलं “हाय का?” सुद्धा. मला वाटलं, आता नोकरी गेली.  मास्तरांनी वही काढून लिहिलं, ‘निम्मी चूक ताईंची, निम्मी माझी’, आणि आधी स्वतः सही केली.

“तुमची कशी?”

“मी जल्मभर एका लाइनीवर काम केलं,” मास्तर म्हणाले. “एक लाइन, एक गाडी. म्हणून नंबर आल्याबिगर पुढं जायचं न्हाई. इथं तर बेचाळीस लाइनी हायत, ताई. हरेकाची येगळी. मग त्यांना एकामागं एक उभं करा असं मी कशाला सांगितलं? माझीच शिकवणी मी इसरलो. वाट बघायची, पण अडून न्हाई.” आणि मग, जरा हळू, “तुमी मात्र ‘हाय का’ काढायला नको होतं.”

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बैठकीत आबा म्हणाले, “मास्तर, अजून एक पाळी देतो. न्हाई जमलं तर डबे उचला. आमचा पाटकरी बरा, फटफटीवर बोंबलत तर जातो.” टेलच्या लोकांनी साफ सांगितलं की पुढच्या पाळीला ते घोंगडी घेऊन चारीवरच बसणार. मग मागे बसलेले बाबा उठले. गहू ओंबीला आलेला होता. पुढची पाळीही चुकली तर तो हातचा गेला, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा म्हणाले, “मी न्हाई बसणार. माझी पोरगी सांगंल तवा जाईन.” आणि खाली बसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की रडू आवरेना.

पुढचे अठरा दिवस आम्ही लाइनी नीट केल्या. प्रत्येक फोनला त्याचं त्याचं स्वतंत्र काम दिलं. एक अडला तरी बाकीच्यांना पत्ता लागू नये. नंबर यायला मुदत घातली. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला सर्व्हर प्रत्येक फोनला विचारू लागला, आणि तीनदा उत्तर नाही आलं की फुली मारून जागा मोकळी करू लागला. तो भाग मी लिहिला तेव्हा त्या फंक्शनचं नाव मी ‘हाय_का’ ठेवलं. मास्तरांनी ते पाहिलं, आणि त्या दिवशी चहाबरोबर भजी आली. आणि रेंज जाऊन परत आलेल्या फोनला सर्व्हर आधी चार्ज देई: मधल्या वेळात पाणी कुठून कुठे पोचलं, ते सगळं.

“पण फुलीवाल्याचं काय?” मी विचारलं. “त्याचा फोनच मेला तर?”

“फोन लागत न्हाई तवा स्टेशनवरून माणूस पाठवतात, कंदील घेऊन,” मास्तर म्हणाले. “मागच्या स्टेशननं पुढच्याला सांगायचं. ज्याचा फोन मेला, त्याच्या वरच्या शेतवाल्याला खबर द्या. तो हाक मारंल.”

त्यासाठी अध्यक्षांची परवानगी हवी होती. आम्ही आबांच्या घरी गेलो. त्यांनी यादी चाळली. बोट शेवटच्या दोन ओळींवर थांबलं.

“म्हणजे सुदाम्याचा फोन बंद पडला तर मी बांधावर जाऊन त्याला हाक मारायची?”

“व्हय,” मास्तर म्हणाले.

“मी?”

“आबासाहेब, मोठ्या जंक्शनवरून गाडी सुटली की मोठा मास्तर लहान स्टेशनला सोता सांगतो. तीस वर्षं मी त्या लहान स्टेशनावर बसून ऐकलंय. त्यात मोठ्याचं काय जात न्हाई. न सांगता गाडी सोडली तर मात्र त्याची नोकरी जाते.”

आबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “बघू. फोन बंद पडला तर ना?” आणि यादीवर सही केली.

पाळी सुटली त्या सकाळी मास्तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. त्यांच्या ठेवणीतली शिट्टी गळ्यात होती. ती कशासाठी ते मी विचारलं नाही. स्क्रीनवर बेचाळीस ओळी, सगळ्या हिरव्या. दहा वाजता एक लाल झाली आणि दहा मिनिटांत परत हिरवी. अकराला तीन गेल्या, तीन परत आल्या, चार्ज घेऊन. पुन्हा एकदा त्या एकोणिसाव्याचाच फोन मेला. सर्व्हरनं तीनदा विचारलं, फुली मारली, अठराव्याला खबर दिली, आणि मिनिटभरात अठराव्याकडून ‘सांगितलं’ आलं. बाकीच्या लाइनींवर काडीचा फरक पडला नाही. मी खुर्चीत उड्या मारायचीच बाकी होते. मास्तर ताठ बसून पुटपुटत होते, “तीस क्लिअर. एकतीस क्लिअर.” आमच्या चारीच्या इतिहासात पाणी पहिल्यांदाच, कुणी घोंगडी न टाकता, शेतामागून शेत भिजवत खाली येत होतं. म्हणजे घोंगड्या टाकून बसले होते बरेच, पण फोनकडे बघत.

तीन वाजता बेचाळिसावी ओळ लाल झाली.

बाबांनी सकाळपासून दर दोन मिनिटांनी फोन उघडून हिरवा ठिपका पाहिला होता. इतक्यांदा पाहिला की बॅटरीच संपवली. मेलेला फोन शर्टाच्या खिशात, शर्ट लिंबाच्या फांदीला, आणि बाबा शेताच्या पार खालच्या टोकाला गवत कापत होते. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा आम्हांला दिसत होतं ते एवढंच की सर्व्हरनं विचारलं, उत्तर नाही. विचारलं, उत्तर नाही. विचारलं, उत्तर नाही. फुली. आणि खबर एक्केचाळिसाव्या ओळीला गेली. आबांच्या फोननं नंबर परत दिला. म्हणजे त्यांनी ती वाचली तरी होती, किंवा फोन नुसताच खिशात जिवंत होता.

मी फोनकडे हात नेला. कोणाला तरी लावावा, धावत जायला सांगावं. मास्तरांनी हात आडवा केला. “थांबा. लाइन त्यांची हाय.”

सात मिनिटं. मी आयुष्यात कुठल्या परीक्षेच्या निकालाची अशी वाट बघितली नाही. आठव्या मिनिटाला एक्केचाळिसाव्या ओळीवरून आलं: ‘सांगितलं’. पाठोपाठ ऑफिसचा फोन वाजला. आबांचा नंबर होता, पण आवाज बाबांचा, दमलेला, आणि मागे पाण्याचा खळखळाट.

“पाणी वावरात हाय, बाई,” बाबा म्हणाले. “सगळ्या वाफ्यात चाललंय. आबा सोता आले होते बांधावर.” मग आवाज खाली करून म्हणाले, “फोनात बघून वाचून हाक मारली त्यांनी. ‘सुदामराव, हाय का?’ म्हणले. मी दोनदा ऐकलं न्हाई. मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावायलेत. तिसऱ्यांदा मी म्हणलो, हाय.” आणि मग, मास्तरांच्या यादीत नाव लागल्यापासून तेही शिकले होते म्हणून, “ठेवतो,” म्हणाले आणि फोन ठेवला.

स्क्रीनवर बेचाळिसावी ओळ भरली. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावून एकदाच, लांब वाजवली. खालून सलीमराव काय झालं म्हणून विचारत राहिले. मग मास्तरांनी वही उघडली, वेळ लिहिली, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे न बघता नेहमीसारखं विचारलं, “हाय का?”

 मी नुसती मान हलवली. मास्तरांनी फुली मारली नाही.